तास काटा आधी

मराठी घरात वेळ दिसते एका तऱ्हेनं आणि बोलली जाते दुसऱ्याच. मोबाईलच्या पडद्यावर ७:४५ असतं आणि स्वयंपाकघरातून हाक येते, "अगं, पावणेआठ झाले, रिक्षावाले काका येतील!" दुसरीतल्या मुलीच्या डोळ्यांना सात दिसतात, कानांवर आठ पडतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तर लहान काटा कुठल्याच आकड्यावर नाही आणि मोठा काटा नऊवर. मग सात, आठ की नऊ? ही तिन्ही रूपं एकाच वेळेची आहेत हे मोठ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात काही शिकवण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही.

ही पुस्तिका त्या जुळवाजुळवीबद्दल आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना घरी किंवा वर्गात घड्याळ शिकवणाऱ्या मोठ्यांसाठी ती लिहिली आहे. प्रस्तावना जरा लांबली आहे. पुढच्या पानांवरचे खेळ नेहमीच्या क्रमानं येत नाहीत आणि ते तसे का येत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

"लहान काटा तास दाखवतो, मोठा काटा मिनिटं" हे दोन वाक्यांत सांगून होतं आणि बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांतच उरकलं जातं. मूल मान डोलावतं. मग आपण विचारतो, "आता सांग बरं, किती वाजले?" एवढ्याशा प्रश्नासाठी त्याला काय काय करावं लागतं ते बघा. एका तबकडीवर दोन मोजपट्ट्या आहेत, आणि आकडे छापलेत ते फक्त एकीचे. तीनचा आकडा लहान काट्यासाठी तीन, मोठ्यासाठी पंधरा. ते पंधरा कुठे लिहिलेले नाहीत, पाचाच्या पाढ्यातून आणायचे. बाराचा आकडा एका काट्याला बारा, दुसऱ्याला शून्य. लहान काटा दोन आकड्यांच्या मधे असेल तर मागचा आकडा धरायचा, मग तो पुढच्याला कितीही टेकलेला का असेना. लांब काटा म्हणजे मोठी गोष्ट असं मुलाला वाटणं साहजिक, तर इथे लांब काट्याकडे छोटी मिनिटं आणि आखूड काट्याकडे मोठे तास. हे सगळं जमल्यावर उत्तर मराठीत द्यायचं, आणि मराठीत साडेतीन चालतं पण साडेदोन चालत नाही.

मुलांच्या चुका म्हणूनच ठरलेल्या असतात. सात वाजून पन्नास मिनिटं झाली असताना ती "आठ पन्नास" म्हणतात, कारण तास काटा आठाला जवळजवळ चिकटलेला असतो. सव्वासाताला "सात वाजून तीन मिनिटं" म्हणतात, कारण मोठा काटा तीनवर आहे आणि तिथे तीनच लिहिलंय. अडीचला कुणी "सहा वाजून दहा" सांगतं: काट्यांची अदलाबदल झाली, बाकी वाचन जवळजवळ अचूक. शेवटच्या चुकीवर रागावणाऱ्यांनी आधी तिचं कौतुक करावं. त्या मुलाला पाचाचा पाढाही येतो आणि दोन्ही मोजपट्ट्याही कळल्यात.

यातल्या काही चुका आपण स्वतः पेरतो. वर्गावर्गात पुठ्ठ्याचं घड्याळ असतं, मधोमध अडकवलेले दोन सुटे काटे. बाई साडेसहा लावून दाखवतात: मोठा काटा सहावर, लहान काटाही बरोबर सहावर. अशी वेळ जगातलं कुठलंच धड चालणारं घड्याळ दाखवत नाही. साडेसहाला तास काटा सहा आणि सातच्या नेमका मधे असतो. पुठ्ठ्याचे काटे एकमेकांना बांधलेले नसतात, आणि घड्याळाचा सगळा अर्थ त्या बांधिलकीत आहे. मोठ्यानं एक फेरा पुरा केला की लहान्यानं एक घर पुढे सरकायचं. छापील सरावपत्रिकांवरही हा घोळ सर्रास आढळतो. त्यावर "बरोबर" अशी खूण मिळवलेलं मूल घरच्या घड्याळापुढे अडतं आणि आपण म्हणतो, "शाळेत तर येत होतं!"

या पुस्तिकेचं म्हणणं तसं एकच आहे. सुरुवात एका काट्यानं करा, तास काट्यानं. मिनिट काटा काढून टाका.

कल्पना नवी नाही. घड्याळं स्वतः याच क्रमानं मोठी झाली. युरोपातल्या जुन्या यांत्रिक घड्याळांना बहुधा एकच काटा असे. ती दिवसाला पाव तासानं सहज मागेपुढे होत. असल्या यंत्राला मिनिटं दाखवायला लावणं म्हणजे त्याच्याकडून खोटं बोलवून घेणं. १६५६ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं लंबकाचं घड्याळ तयार केलं, चूक दिवसाला मिनिटाच्या आत आली, आणि मग मिनिट काटा लावण्यात अर्थ निर्माण झाला. त्याआधीची कित्येक पिढ्यांची माणसं एका काट्यावर दिवस काढत होती आणि त्यांचं फारसं अडत नव्हतं. एका काट्यावर पाव तासाचा अंदाज आरामात येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला तेवढा पुष्कळ झाला.

तेव्हा घरातलं एक साधं, सेलवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ घ्या. पाठीमागचे स्क्रू किंवा खटके सोडवून काच काढा. सगळ्यात वर सेकंद काटा असतो, त्याखाली मिनिट काटा, आणि तबकडीलगत तास काटा. वरचे दोन चिमटीत धरून सरळ वर ओढले की निघून येतात. काही घड्याळांत मिनिट काट्यावर बारीकशी चाकी बसवलेली असते, ती आधी फिरवून काढायची. तास काट्याला हात लावायचा नाही. काच परत बसवा, सेल घाला, घड्याळ नेहमीच्या जागी टांगा. ते पूर्वीइतकंच बरोबर चालतंय, फक्त एका काट्यानं. घरातल्या मोठ्यांची दोन दिवस चिडचिड होईल. त्यांना मोबाईल आहे.

आता मुलाला "किती वाजले" असं विचारायचंच नाही. विचारायचं, काटा कुठून निघालाय? कुठे चाललाय? निम्मं अंतर झालं का? "सात सोडलेत, पण अजून जवळच आहे." "सात आणि आठच्या अगदी मधे." "आठाला टेकत आलाय." ही उत्तरं म्हणजे घड्याळवाचनच आहे, आणि यात कुठलंही मूल आठ पन्नास म्हणत नाही. काटा आठापर्यंत पोचलेला नाही हे डोळ्यांना दिसत असतं. मिनिट काट्याची लुडबूड नसल्यामुळे नजर तास काट्यावरून हलत नाही.

हे आठवडा-दोन आठवडे मुरू द्या, मग शब्द आणा. मराठीतले वेळेचे शब्द या एकट्या काट्याला चपखल बसतात. नुकताच पाव अंतर चालून गेला की सव्वासात. मधोमध आला की साडेसात. आठाला पाव उरला की पावणेआठ. गंमत अशी, की अर्ध्या तासापर्यंत मराठी माणूस झालेल्या तासाकडे बघून बोलतो आणि त्यानंतर येणाऱ्या तासाकडे बघून. सव्वासात आणि साडेसातमध्ये सात, पावणेआठमध्ये एकदम आठ. डिजिटल पडद्यावरच्या ७:४५ मध्ये आठाचा मागमूस नसतो, म्हणून पडद्यावर वाढलेल्या मुलाला पावणेआठ हा अन्यायच वाटतो आणि ते त्याचा अर्थ आठ पंचेचाळीस असा लावून मोकळं होतं. तास काट्याकडे बघणाऱ्याला यात अडचण येत नाही. काटा आठाच्या अंगणात आलेला असतो, त्याला आठाच्या नावानं हाक मारली तर नवल काय!

अपवाद मात्र सांगून टाकावे लागतात, त्यांना कारण विचारू नये. साडेएक नाही, दीड. साडेदोन नाही, अडीच. बाराला पाव तास होऊन गेला की सव्वाबारा, पण एकाला पाव तास बाकी असला की पावणेएक नाही, नुसता पाऊण. एकावर पाव तास झाला की नुसता सव्वा. शिवाय सव्वा वाजला, दीड वाजला, पण अडीच वाजले. ही सगळी गर्दी दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान आहे, म्हणून पहिला सराव त्या वेळेत घेऊ नका. सकाळचे सात ते अकरा सुरक्षित. "साडेदोन" म्हणणाऱ्या मुलाला हसू तर मुळीच नका, कारण नियम त्याला कळलाय आणि भाषेनं तो पाळलेला नाही.

आजोबांच्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागलं नसेल. त्यांनी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीही घोकलेली असे. पाव आणि पाऊण त्यांच्या हिशेबातही होते, बाजारातही, घड्याळातही. आता दूध पाचशे मिलीलिटरच्या पिशवीत येतं आणि भाजीवाल्याच्या काट्यावर ग्रॅम उमटतात. पावशेर गेला, अदपाव गेला. सव्वा आणि पावणे यांचं अखेरचं हक्काचं घर घड्याळ हेच उरलंय. मुलांना ते शब्द पोचवायचे असतील तर तबकडी हाताशी असलेली बरी. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांना तर हे जास्तच जाणवेल. तिथली मुलं मराठी समजतात, बोलतातही, पण आजीनं फोनवर "अडीचला करते फोन" म्हटलं की गोंधळतात.

मिनिट काटा परत लावायचा तो यानंतर. मागची फिरकी फिरवून तास काटा एखाद्या आकड्यावर अगदी नेमका आणा, आणि मिनिट काटा बारावर ठेवून दाबून बसवा. यात कसूर झाली तर घड्याळच पुठ्ठ्याच्या घड्याळासारखं वागेल. मग फिरकी मुलाच्या हातात द्या. ते फिरवत बसेल, बसू द्या. मोठा काटा गरगर फिरतो, लहान काटा रांगतो. मोठ्याचे बारा फेरे होतात तेव्हा लहान्याचा एक. काटे एकमेकांवर किती वेळा येतात हे मोठी मुलं मोजतात. उत्तर बारा असेल असं सगळ्यांना वाटतं आणि निघतं अकरा. पुठ्ठ्याच्या घड्याळातून हे कधीच हाती लागत नाही.

पाचाचा पाढा आकड्यांवर बोट ठेवत म्हणायचा. एकावर बोट, पाच एके पाच. दोनवर, पाच दुणे दहा. तीनवर, पाच त्रिक पंधरा. पाढा पाठ नसलेल्या मुलाला मिनिटं शिकवायची घाई करू नये. त्यानं पाव, अर्धा, पाऊण यांवर समाधान मानावं, आपणही मानावं. मधल्या बारीक रेघा सगळ्यात शेवटी.

आता डिजिटल. त्याबद्दल या पुस्तिकेला राग नाही, फक्त "डिजिटल सोपं असतं" या समजुतीला थोडी हरकत आहे. पडद्यावर ८:४७ दिसलं. मराठी मुलाला ते वाचायला सत्तेचाळीस हा शब्द हवा. पडद्यावर आधी चार आहे, मग सात. तोंडानं मात्र आधी सात म्हणायचे, मग चाळीस. शिवाय सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदतीस यांच्यातला सात दर वेळी वेगळा ऐकू येतो. शून्य ते एकोणसाठ असे साठ शब्द, आणि बरेचसे सुटेसुटे पाठ करायचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर पाच" असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ उडाला होता. माझं मत विचाराल तर गणित समजायला ती पद्धत चांगलीच आहे. पण वेळेपुरते जुने संख्याशब्द यायलाच हवेत, कारण स्टेशनवर कुणी आठ चाळीस-सातची गाडी म्हणत नाही.

मुंबईच्या लोकलनं हे फार आधी करून ठेवलं. हातात डिजिटल घड्याळं येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथला माणूस "आठ सत्तेचाळीस" म्हणत आलाय. पावणेनऊ म्हणणाऱ्याची गाडी दोन मिनिटांच्या फरकानं चुकू शकते. उरलेल्या महाराष्ट्रात याच वेळेला "पावणेनऊची वेळ" म्हणून भागतं. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो, तरी मंडळी एकच्या सुमारास जेवायच्या तयारीनं पोचतात. दोन्ही रीती मुलाला यायला हव्यात: कधी मिनिटाला महत्त्व असतं, कधी अंदाजाला. पडदा दोन्हींसाठी एकच उत्तर देतो.

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ या शब्दांवर मुलं हमखास अडखळतात. २९ ला तिशीच्या नावानं का ओळखायचं? पण ज्या मुलाचं पावणेआठ पक्कं झालंय त्याला सांगायला सोपं जातं, की इथेही तीच खोड, येणाऱ्याच्या नावानं बोलायची आणि कमी किती ते सांगायचं. "आठाला दहा कमी" हेही त्याच वळणाचं. हा "कमी"वाला प्रयोग घरोघर मागे पडतोय. माझी शिफारस अशी, की तो मुद्दाम वापरावा. शाळेच्या घाईत "सात पन्नास झाले" हे ऐकून मूल हलत नाही. "आठाला दहा कमी" म्हटलं की निदान मोजा तरी शोधायला लागतं.

मराठी माध्यमातल्या मुलांची आणखी एक अडचण अगदी साधी आहे आणि म्हणूनच नजरेआड होते. डिजिटल घड्याळातले आकडे इंग्रजी असतात. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांच्यात पहिलीतलं मूल सहज फसतं. त्यातून ते आकडे सात कांड्यांचे, चौकोनी. दोन आणि पाच एकमेकांची उलट प्रतिमा, सहा उलटा केला की नऊ. नऊ वाजून पाच मिनिटांना मूल वहीत ९:५ लिहितं, आणि आपण ते ९:५० वाचतो. मधलं शून्य कशासाठी आहे ते स्वतंत्र शिकवावं लागतं. पुस्तिकेत त्यासाठी वेगळा पाठ ठेवला आहे.

डिजिटलचा खरा खड्डा पुढे आहे, किती वेळ गेला हे काढताना. सिनेमा ९:५० ला सुरू झाला, मध्यांतर १०:२०. मूल १०२० मधून ९५० वजा करतं आणि सत्तर मिनिटं सांगतं. वजाबाकी अचूक आहे. शंभराच्या जागी साठ आहेत हे पडद्यानं त्याला सांगितलेलंच नाही. तबकडीवर तोच प्रश्न वजाबाकीचा राहत नाही: दहापर्यंत दोन घरं, पुढे चार घरं, सहा पंचे तीस.

वेळ वाचता आली म्हणजे वेळ कळली असं होत नाही, हे जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं चांगलं दाखवून दिलंय. १९२८ साली दाव्होसला आइन्स्टाइननं त्याला विचारलं होतं, की मुलांना आधी काय उमगतं, वेळ की वेग? त्या प्रश्नाचा पियाजेनं बराच पाठपुरावा केला आणि मुलांच्या कालकल्पनेवरचं त्याचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. दोन बाहुल्या एकाच वेळी निघाल्या, एकाच वेळी थांबल्या, पण एक लांब गेली. लहान मुलं ठामपणे सांगतात की लांब गेलेलीला जास्त वेळ लागला. आता तबकडीकडे बघा. एका तासात मोठा काटा पूर्ण फेरा मारतो आणि लहान काटा एक घर सरकतो. दोघांनी सारखाच वेळ घेतला हे पाच वर्षांच्या मुलानं कसं मानावं?

त्यात आपण भर घालतो. तास म्हणजे साठ मिनिटं हे शाळेत शिकवलं जातं ते पस्तीस मिनिटांच्या तासाला. घरी आपण "पाच मिनिटं थांब" म्हणतो आणि अर्धा तास फोनवर बोलतो, पण खेळाची पाच मिनिटं मात्र मोजून पाचच देतो. मुलं हे सगळं टिपत असतात. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवण्याची तर आपली जुनी खोड, पाहुण्यालाही सांगावं लागतं, "ते पुढे आहे हं." घड्याळ शिकणारं मूल घरात असेतो ते बरोबर लावावं, एवढी विनंती.

कालावधीचा अंदाज येण्यासाठी जुनं घटिकापात्र फार उपयोगी पडतं. घंगाळात पाणी आणि त्यावर तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र. ते भरून बुडलं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटका झाल्या की एक दिवस-रात्र. लग्नाचा मुहूर्त साधायला ते मांडत. वर्गात प्लॅस्टिकचा पेला, तापवलेल्या सुईनं पाडलेलं भोक आणि एक बादली एवढ्यावर काम होतं, भोक पाडायचं काम तेवढं मोठ्यांनी करावं. पेला बुडायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा, भोक थोडं मोठं करून पुन्हा मोजा. आधी अंदाज लिहून घ्यायचा, हे विसरू नका. मुलं सुरुवातीला वाटेल ते सांगतात, आणि चार-सहा पेले बुडेपर्यंत अंदाज बराच जवळ येतो.

चौथीच्या मुलांसाठी एक पाठ उन्हाचा आहे. अंगणात काठी रोवून सावली सगळ्यात आखूड कधी होते ते टिपायचं. बाराला होईल असं सगळे म्हणतात. मुंबईत ती सरासरी साडेबारानंतर होते, १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास, आणि नागपुरात साधारण १२:१४ ला. ऋतूप्रमाणे पंधरा-सोळा मिनिटं इकडेतिकडे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या, मिर्झापूरजवळच्या सूर्यावर लावलेलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ देशाला लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि शहरानं ती १९५५ पर्यंत पुरती सोडली नाही. "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?" असं विचारण्याची पाळी त्या काळातल्या माणसांवर येई. हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात, कारण घड्याळाची वेळ माणसांनी आपसांत ठरवलेली असते हे तोवर कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

तबकडी शिकवायचीच कशाला, असं विचारणारे पालक भेटतात, आणि त्यांना झटकून टाकता येत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमधली काट्यांची घड्याळं काढून डिजिटल लावल्याच्या बातम्या आल्या, कारण मोठमोठ्या मुलांना काट्यांवरून वेळ कळेना आणि ताण वाढू लागला. व्यवहार म्हणून ठीक. पण परीक्षेतल्या मुलाला किती वाजले हे हवंच नसतं, किती उरलंय ते हवं असतं, आणि ते काट्यांमधल्या जागेत एका नजरेत दिसतं. पडद्यावर त्यासाठी दर वेळी वजाबाकी करावी लागते, तीही साठावरची.

या कौशल्याला दुसरं टोकही आहे. स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर वृद्ध माणसाला एक कागद देतात: गोल घड्याळ काढा, आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ही वेळ विचार करून निवडलेली आहे. मेंदू थकलेला असला की माणूस "दहा" ऐकून मोठा काटा दोनऐवजी दहाच्या आकड्यावर नेतो. वर सांगितलेलं सव्वासाताला "सात वाजून तीन मिनिटं" म्हणणारं मूल आठवा. दिसणारा आकडा बाजूला सारून न दिसणारा मनात धरणं, हीच ती कसरत. सातव्या-आठव्या वर्षी ती पहिल्यांदा जमते, म्हणून दुसरीतल्या मुलाकडून ती आठवड्यात अपेक्षिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

चोवीस तासांचं घड्याळ पुस्तिकेच्या शेवटी आहे, आणि थोडक्यात. एएम-पीएमपेक्षा पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे शब्द मुलांना कितीतरी जवळचे. त्यातही खेड्यातल्या मुलांकडे झुंजुमुंजू, कासराभर दिवस, टळटळीत दुपार, दिवेलागण असा मोठा साठा असतो. तो आधी फळ्यावर लिहून घ्यावा आणि मग त्यावर आकडे बसवावेत. चोवीस तासांची गरज मुख्यतः रेल्वेपुरती. तिथला एकच सापळा लक्षात ठेवण्याजोगा: शुक्रवारी रात्री जेवून निघायचंय आणि गाडी ००:२० ची आहे, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. मोठी माणसंही यात फसून फलाटावर उभी राहिलेली आहेत.

घड्याळ विकत घेणार असाल तर बाराही आकडे असलेलं, साठ रेघांचं घ्या. नुसत्या चार ठिपक्यांचं दिवाणखान्याला शोभतं, शिकायला कुचकामी. रोमन आकडे नकोत. त्या तबकड्यांवर चार बहुधा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो, त्यावर मुलं प्रश्न विचारतील आणि तुमचा अर्धा तास जाईल. काट्यांच्या लांबीत डोळ्यात भरेल इतका फरक असावा. तास काटा आकड्यांच्या आतल्या बाजूला थांबावा, मिनिट काटा थेट रेघांपर्यंत पोचावा. मनगटावरचं घड्याळ हट्ट केल्याशिवाय देऊ नका, आणि दिलंत तर पहिलं काट्यांचं द्या.

पहिल्या पाठाला नवीन काही घ्यावं लागत नाही. माळ्यावर पडलेलं जुनं घड्याळ चालेल, फक्त ते चालू व्हायला हवं. एक सेल, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि काढलेले काटे ठेवायला डबी. डबीवर नाव घालून ती उंचावर ठेवा, मिनिट काटा सहाव्या पाठाला लागणार आहे.